मेजरचे बूट

कार्ला फाट्यावर उतरून ‘मेजरचं घर कुठलं?’ असं विचारलं, तर उलट प्रश्न येतो, ‘कुठला मेजर?’ पलटणीतून पेन्शनवर आलेला माणूस नाईक असो की हवालदार, गावच्या शिवेत पाय टाकताच त्याला मेजरची बढती मिळते. सरकारला जे वीस वर्षांत जमलं नाही, ते गाव एका सकाळीत उरकतं. मग खूण सांगावी लागते, ‘ते बूट घासत बसतात, ते.’ एवढी खूण सांगूनही कार्ले, वेहेरगाव आणि मळवली मिळून दोन-तीन घरं दाखवली जातातच.

त्यातलं कुठलंही घर घ्या. पहाटे साडेपाचला मेजर पडवीत पोतं टाकून बसलेला असतो. शेजारी पत्र्याची पेटी. तिच्यात घोड्याच्या केसांचा ब्रश, तळव्याच्या कडेची माती काढायला जुना टूथब्रश, फाटक्या बनियनचे तुकडे आणि काळ्या पॉलिशची डबी. पाण्याला स्टीलच्या डबीचं झाकण. हे झाकण स्वयंपाकघरातून कधी गायब झालं याचा तपास मेजरीणबाईंनी सोडून दिला आहे.

आधी नाड्या काढायच्या. नाडीसकट पॉलिश करणाऱ्याला मेजर माणसात धरत नाही. मग धूळ झटकायची, पॉलिशचा पहिला हात द्यायचा, सुकू द्यायचा, ब्रश मारायचा. सामान्य माणसाचं पॉलिश इथं संपतं. मेजरचं इथं सुरू होतं. दोन बोटांना कापड घट्ट गुंडाळून नखभर पॉलिश घ्यायचं, त्यावर पाण्याचा एक थेंब, आणि बुटाच्या टोवर लहान लहान गोल फिरवत राहायचं. जोर अजिबात लावायचा नाही. थर चढत जातात, आधी सगळं धुरकट दिसतं, नवखा घाबरतो. मेजर घाबरत नाही. बेळगावच्या सेंटरमध्ये उस्तादानं त्याला त्याच धुरकटपणात रात्र रात्र बसवलेलं असतं. मराठा लाईट इन्फन्ट्रीची पहिली पलटण 1768 साली उभी राहिली. तिचा सगळा इतिहास आपल्या टोवर दिसला पाहिजे, अशी त्याची समजूत आहे.

यात जादू काही नाही. चामडं वरून गुळगुळीत दिसलं तरी बारीक छिद्रांनी आणि सुरकुत्यांनी भरलेलं असतं, त्यामुळे त्यावर पडलेला उजेड विखुरतो. मेण त्या खाचा बुजवतं, पृष्ठभाग सपाट होतो आणि उजेड आरशासारखा परततो. पॉलिशमधला टर्पेंटाइनसारखा द्रव उडून जातो, मागे मेण राहतं. त्यातलं कडक मेण म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं कार्नौबा, जे 80 अंशांच्या पुढेच वितळतं. पाण्याच्या थेंबामुळे कापड मेणाला चिकटत नाही. मात्र ही चमक फक्त टो आणि टाचेवर टिकते. बोटांमागे जिथे बूट दुमडतो तिथे मेणाचा थर पहिल्या चार पावलांतच तडकतो. म्हणून नातू बुटाचा मधला भाग घासायला लागला की मेजर खेकसतो, ‘तिथं मेहनत घालू नको. वाकणाऱ्यावर पॉलिश बसत नाही!’

स्पंज लावलेली लिक्विड पॉलिशची बाटली या घरात येऊ शकत नाही. सुनेनं एकदा आणली, ती आता पंख्याच्या पात्यांना वापरतात.

इतिहासाकडेही मेजर बुटांच्या उंचीवरूनच पाहतो. पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेतला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट 4 जानेवारी 1779 रोजी याच कार्ल्यात पडला. लोकांनी त्याचं नाव ‘इष्टुर फाकडा’ करून टाकलं, आणि त्याची समाधी वडगाव मावळात आहे. त्याच महिन्यात वडगावला इंग्रजांनी हात टेकले. मराठ्यांची घेराबंदी, तुटलेली रसद, ही कारणं शाळेत शिकवतात. मेजरचं कारण वेगळं आहे. किवी पॉलिश ऑस्ट्रेलियात निघालं 1906 साली. म्हणजे फाकड्याच्या बुटांना धड पॉलिशच नव्हतं! पुढे 2023 मध्ये किवीनं ब्रिटनमधली विक्री बंद करायचं ठरवलं, कारण तिथं बूट घासणारे उरले नाहीत. ही बातमी कळली त्या दिवशी मेजरनं चहाचा दुसरा कप मागून घेतला. साम्राज्य त्याच्या हिशेबी 1947 ला नव्हे, त्या दिवशी संपलं.

लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीतल्या नौदलवाल्यांबद्दल त्याला आदर आहे. फक्त त्यांच्या साहेबांच्या पांढऱ्या बुटांचा विषय निघाला की तो एवढंच म्हणतो, ‘भिंतीला लावतात ते बुटाला लावलंय.’

एवढं करून हे बूट जातात कुठे? एकवीरेला जावं तर पायऱ्यांशी हारवाल्याकडे काढून ठेवावे लागतात, आणि हारवाल्याचा पोरगा त्यांच्यात बघून भांग पाडतो. जून ते सप्टेंबर तर विचारूच नका. लोणावळ्याच्या या पट्ट्यात वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. कपाटात ठेवलेल्या चामड्याला पांढरी बुरशी धरते. मेजर वर्तमानपत्राचे बोळे कोंबतो, दर रविवारी उन्हाची वाट बघतो आणि 15 ऑगस्टला प्लास्टिकच्या पिशवीत बूट घेऊन चपलांवर शाळेपर्यंत जातो. तिथे व्हरांड्यात बूट चढवतो, झेंड्याला कडक सॅल्यूट ठोकतो, पुन्हा चपला. भिजलेला सरपंच त्याच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करतो.

बाकी दिवस तो तळेगावच्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर असतो. कंपनीचे सेफ्टी शूज त्याला मनापासून आवडले होते, कारण टोमध्ये पोलादी टोपी. न वाकणारा टो म्हणजे पॉलिशला मोकळं रानच. ट्रकवाले गेटपास दाखवताना त्या टोमध्ये आपली गाडी बघायचे. यंदा ठेकेदारानं खडबडीत, मखमली कातड्याचे नवे जोड वाटले. त्यावर पॉलिश लावलं की नुसता चिखल होतो. मेजरनं रीतसर अर्ज केला, ‘विषय : बूट बदलून मिळणेबाबत. कारण : चमकत नाहीत.’ ठेकेदारानं अर्जावर शेरा मारला, ‘बूट सुरक्षेसाठी आहेत.’ मेजरनं त्याच कागदाच्या मागे खुलासा मागवला आहे, की चोराला लांबून काय दिसणार?