वायरिंगवाला मिस्त्री

वायरिंगवाला मिस्त्री महामार्गाच्या कडेला, शक्यतो वजनकाटा आणि धाबा यांच्या दरम्यान आढळतो. न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झाले, चाळीस फुटी कंटेनर वाहणारे ट्रेलर रस्त्यावर वाढले, आणि कळंबोलीपासून उरणपर्यंत या मिस्त्रीचीही वस्ती दाट झाली. पत्र्याची टपरी, दारात उघडून पडलेले सेल्फ आणि एक न दिसणारा पोऱ्या या त्याच्या खुणा. पोऱ्या दिसत नाही, कारण तो बहुतेक वेळ कोणत्या तरी ट्रेलरखाली असतो. खाडीची खारी हवा आणि कोकणातला चार महिन्यांचा पाऊस हे मिस्त्रीचे धंद्यातले भागीदार. दोघेही वायर कुजवण्याचे काम इमाने करतात आणि नफ्यात वाटा मागत नाहीत.

त्याच्याकडे येणारी सर्वांत सामान्य तक्रार म्हणजे इंडिकेटर न लागणे. इंडिकेटर बंद पडला म्हणून मात्र कोणीही ड्रायव्हर येत नाही. बंद पडल्यानंतर कोणीतरी गाडी अडवली, म्हणून तो येतो. मधल्या काळात त्याचे काही अडलेले नसते. उजवा इंडिकेटर म्हणजे ‘मी उजवीकडे वळतोय’ की ‘तू खुशाल पुढे जा’, याबद्दल आपल्या महामार्गांवर एकमत नसल्याने, दिवा नसणे हे कित्येकदा कमी गोंधळाचे ठरते.

तपासणीची पहिली पायरी तांत्रिक नसते. “याला आधी कुणी हात लावला होता?” असे विचारून मिस्त्री उत्तराची वाट न पाहता मान हलवतो. आधीचा मिस्त्री नेहमी अडाणी असतो. जोडावर टेप नीट नसते, लाल वायरीला निळी जोडलेली असते, आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली असते. ही शेवटची गोष्ट गंभीर आहे. तार घातल्यावर फ्यूज उडत नाही हे खरे, पण मग उडायचे काम वायरिंगला करावे लागते. आधीचा मिस्त्री पुष्कळदा हाच असतो. ते ड्रायव्हरने लक्षात आणून दिल्यास दोष क्लीनरकडे वर्ग होतो.

यानंतरची पद्धत मात्र कोणत्याही पुस्तकात शोभेल अशी असते. “हॅझर्ड लाव,” हा पहिला हुकूम. चारी कोपरे मिचकले, तर बल्ब आणि मागची वायरिंग ठीक. संशय स्टिअरिंगखालच्या स्विचवर. डावी बाजू लागते आणि उजवी नाही, तर फ्लॅशर, म्हणजे दिवे मिचकवणारा रिले, जिवंत आहे, त्याला उगाच बदलायचे नाही. नियमाप्रमाणे इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळा मिचकावा लागतो. त्याहून घाईत असला, तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर त्याची चहाडी करत असतो. ज्याने हौसेने एलईडी दिवे बसवले आहेत, त्याच्या गाडीत बल्ब शाबूत असूनही हीच चहाडी चालते, कारण एलईडी इतका थोडा करंट खातो की जुन्या फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखेच वाटते.

मग घोडा आणि ट्रेलर यांचा वाद सोडवायचा. ड्रायव्हर ज्याला घोडा म्हणतात ते पुढचे इंजिन-केबिन आणि मागचा ट्रेलर यांच्यात दिव्यांचा संबंध सात पिनांच्या केबलपुरता असतो: पिवळी वायर डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेक, पांढरी अर्थ. घोड्याकडच्या सॉकेटवर करंट येतो आणि तरी मागे अंधार असेल, तर दोष केबलचा किंवा ट्रेलरचा. करंट पाहायला मिस्त्री मीटर वापरत नाही. मीटर टपरीत खिळ्याला टांगलेला असतो, गिऱ्हाइकाच्या विश्वासासाठी. हातात असतो टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरमधला 24 व्होल्टचा बल्ब आणि त्याला डकवलेल्या दोन वायरी. ही सवय मागासलेली वाटते, पण आहे शहाणपणाची. हिरवी पडलेली, एका तंतूवर तगलेली वायरसुद्धा मीटरला 24 व्होल्ट दाखवते, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. 21 वॅटच्या बल्बला मात्र जवळपास एक अँपिअर लागतो, आणि तो मागताच त्या वायरीचे सोंग उघडे पडते.

डावा इंडिकेटर लावल्यावर टेल लॅम्प मिचकू लागला, किंवा ब्रेक दाबताच इंडिकेटर मंदावला, की मिस्त्री शांतपणे बिडी पेटवतो. निदान झालेले असते: अर्थ गेला. परतीचा रस्ता तुटला की करंट शेजारच्या बल्बच्या तारेतून बॅटरीकडे जायला बघतो, आणि भलतेच दिवे निम्म्या जीवाने लागतात. पांढरी वायर जिथे चॅसीला नटबोल्टने आवळलेली असते, तिथे गंज असतो, किंवा मालकाने दिवाळीआधी मारलेला रंग. पांढरी तुटूनही ट्रेलर कधी कधी त्याला घोड्याशी जोडणाऱ्या किंगपिनमधून अर्थ घेतो. पण ती जोडणी ग्रीसने माखलेली, त्यामुळे उभ्या गाडीत दिवे ठीक आणि खड्ड्यात गुल. “चालू गाडीत जातो, इथं लागतो,” अशी ड्रायव्हरची शपथ मिस्त्री म्हणूनच खोटी मानत नाही. उपाय सोपा: नट खोलायचा, जागा पॉलिश पेपरने चकचकीत करायची, पुन्हा आवळायचा. वेळ लागतो पाच मिनिटे.

पेशाची खरी अडचण इथे सुरू होते. पाच मिनिटांच्या कामाचे पैसे ड्रायव्हर देत नाही. दोष कुठे होता हे कळायला वीस वर्षे लागली, हा हिशेब त्याला पटत नाही; त्याला घाम दिसावा लागतो. त्यामुळे निदान झाल्यावरही मिस्त्री अर्धा तास तपास चालू ठेवतो. डॅशबोर्ड उघडतो, फ्लॅशर कानाशी धरून हलवतो, बॅटरीकडे बघून “हं” म्हणतो, पोऱ्याला ट्रेलरखाली पाठवून काहीच न करता परत बोलावतो. शेवटी नट आवळला जातो, तोही ड्रायव्हर चहाला गेल्यावर. परत आलेल्या ड्रायव्हरला सांगितले जाते, “भाऊ, पूर्ण लाइन शॉर्ट होती.” शॉर्टचा आणि सुटलेल्या अर्थचा काही संबंध नाही, हे दोष एकमेकांच्या विरुद्ध आहेत, आणि मिस्त्रीला ते उत्तम ठाऊक असते. पण शॉर्टला भाव आहे, अर्थला नाही.

एप्रिल 2020 पासून बीएस-सहा गाड्या आल्या आणि अनेक घोड्यांतले इंडिकेटर कंट्रोल युनिटच्या ताब्यात गेले. तिथे टेस्ट लॅम्पचा करंट युनिटला जड जाऊ शकतो, आणि युनिटची किंमत ऐकल्यावर मिस्त्रीच्या अंगी एकदम नम्रता येते. “यात कंप्युटर आहे, कंपनीत ने,” एवढे बोलून तो हात पुसतो. ट्रेलरचे मात्र त्या कंप्युटरशी फारसे नाते नाही. त्याच्या दिव्यांना अजून त्याच सात वायरी आहेत आणि तोच गंज. म्हणून घोडा कंपनीत जातो, ट्रेलर टपरीपुढे पायांवर उभा राहतो. त्याला तपासायला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की पुरते. एक टोक पांढऱ्या पिनेला, दुसरे आळीपाळीने पिवळ्या-हिरव्याला. दिवा लागला तर वायरिंग ठीक. नाही लागला तर बिल सुरू.