डायनासोर पहिलाच बरा

डायनासोरपटांचा चाहता हा प्राणी नाशिकमध्ये बहुधा रविवारी सकाळी, मिसळीच्या टेबलावर आढळतो. त्याला ओळखणे सोपे असते. नवा भाग कसा वाटला असे विचारले की तो पापड मोडतो, सुस्कारा सोडतो आणि म्हणतो, ‘पहिल्याची सर नाही.’ भाग दुसरा असो की सातवा, निकाल बदलत नाही.

हा ‘पहिला’ म्हणजे स्टीव्हन स्पिलबर्गचा ‘ज्युरासिक पार्क’. मायकेल क्रायटनच्या १९९० सालच्या कादंबरीवरचा हा चित्रपट १९९३ मध्ये अमेरिकेत आणि १९९४ मध्ये हिंदी बोलत भारतात आला. दोन तासांहून मोठ्या या चित्रपटात डायनासोर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटे. टी-रेक्सची स्वारी यायला तर तासभर लागतो. तोवर ग्लासातले पाणी थरथरते आणि बांधलेली बकरी नाहीशी होते, एवढ्यावरच प्रेक्षकाने घाबरायचे असते. संगणकावर घडवलेले प्राणी तेव्हा नवे आणि खर्चिक होते, म्हणून बरेच काम स्टॅन विन्स्टनच्या यांत्रिक बाहुल्यांवर सोपवले होते. पावसाच्या प्रसंगात भिजून तो यांत्रिक टी-रेक्स स्वतःच थरथरू लागे. थोडक्यात, पडद्याच्या दोन्ही बाजूंना कापरे भरले होते.

पुढच्या भागांत ही काटकसर उरली नाही. १९९७ मध्ये टी-रेक्स सॅन डिएगो शहरात फिरून आला. २००१ मध्ये स्पायनोसॉरसने त्याची मान मोडली, आणि हा खून चाहत्यांनी अजून माफ केलेला नाही. २०१५ च्या ‘ज्युरासिक वर्ल्ड’मध्ये उद्यानाचा मालक इरफान खान झाला, याचा भारतात आनंद झाला, पण नायिका उंच टाचांच्या बुटांत डायनासोरपुढे पळते, हे कुणाला पटले नाही. साध्या डायनासोरांना लोक कंटाळले म्हणून नवा संकरित प्राणी तयार करावा लागला, अशी कबुली त्या चित्रपटाची कथाच देते. २०१८ मध्ये डायनासोरांचा लिलाव झाला, २०२२ मध्ये मुख्य संकट टोळधाडीचे निघाले आणि २०२५ मध्ये सहा हातापायांचा टी-रेक्स अवतरला.

चाहत्याची निष्ठा विज्ञानावर असते, असा गैरसमज होऊ शकतो. टी-रेक्स ज्युरासिक काळातला नव्हेच. तो त्यानंतरच्या क्रिटेशस काळाच्या अखेरचा. खरा व्हेलोसिरॅप्टर साधारण टर्की कोंबडीएवढा आणि पिसे असलेला होता. तरीही २०२२ मध्ये पडद्यावर पिसांचा डायनासोर आला तेव्हा अनेकांना तोच खोटा वाटला. अश्मीभूत हाडे काहीही सांगोत, प्रमाण वर्ष १९९३! पहिल्या भागात टी-रेक्सच्या कुंपणाआड आधी सपाट जमीन असते आणि थोड्याच वेळात तिथे खोल कडा उघडतो. तीच चूक सातव्या भागात झाली असती, तर तिच्यावर परिसंवाद भरले असते.

मराठी प्रेक्षकाला हे दुखणे परके नाही. १९९३ मध्येच महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याने तात्या विंचू होऊन एका पिढीला अंधारात जाण्याची भीती घातली. वीस वर्षांनी ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला, विंचू प्रेक्षकांच्या अंगावर धावून आला, आणि प्रेक्षक पहिल्या भागाचे नायक लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या आठवणीत हळहळत बसले.

पहिलेपणाचा मान किती फसवा असतो, याचे उदाहरण तर नाशिकच्या घरचेच आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ केला आणि त्याच वर्षी आपला कारखाना नाशिकला हलवला. १९१७ मध्ये त्यांनी तीच कथा पुन्हा चित्रित केली. आज जी रिळे ‘पहिला भारतीय चित्रपट’ म्हणून दाखवली जातात, ती या दुसऱ्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते खरे असेल, तर पहिल्याची थोरवी गाणाऱ्यांनी पाहिला आहे दुसराच.

फाळके स्मारक ज्या पांडवलेण्यांच्या डोंगराखाली उभे आहे, तो डोंगरही या विषयाबाहेरचा नाही. तो दख्खनच्या लाव्ह्याचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे खरे डायनासोर संपले त्याच सुमारास, हे लाव्ह्याचे थर साचत होते. त्या कथेला पुढचा भाग नव्हता, म्हणून तिच्याविषयी तक्रारही नाही.

पहिल्याच्या बाजूने दोन गोष्टी खऱ्या आहेत. एक, त्याने प्रेक्षकाला वाट पाहायला लावली. नंतरच्यांनी प्राणी वाढवले आणि वाट पाहणे कमी केले. दुसरी, १९९४ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला आहे. त्याला गृहकर्जाच्या हप्त्याची भीती टी-रेक्सपेक्षा जास्त वाटते, आणि हप्ता तर दर महिन्याला दिसतो. पहिल्या गोष्टीचा दोष दिग्दर्शकाचा. दुसरीचा कुणाचाच नाही. नव्या भागाला नावे ठेवताना हे दोन हिशेब वेगळे ठेवणे न्यायाचे होईल.

निर्मात्यांना मात्र या न्यायाची घाई नाही. टोळधाडीच्या भागावर समीक्षक आणि चाहते दोघेही तुटून पडले. तरी त्याने जगभरात शंभर कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. पुढचा भाग थांबवायचा असेल तर तो न पाहणे हा एकच उपाय आहे, आणि तेवढा सोडून चाहता बाकी सर्व करायला तयार असतो.