धावती व्यायामशाळा

२०२० साली रेल्वेने दिल्लीच्या आनंद विहार स्थानकावर एक यंत्र बसवलं: १८० सेकंदांत ३० उठाबशा काढा, फलाट तिकीट फुकट. बिचारे दिल्लीकर, त्यांना आमिष दाखवावं लागतं! डोंबिवलीकर त्याच पुण्यकर्मासाठी दरमहा लोकलच्या पासाचे पैसे स्वतःच्या खिशातून भरतो.

राबणारे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न पाहताही ओढून घेतात, असं शरीरशास्त्र सांगतं. उतरणाऱ्यांची वाट न पाहता आत घुसणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम मागते. आपला कोटा मंगळवारीच संपतो. दंडाला कडी, छातीवर शेजाऱ्याची सॅक आणि दिव्यापासून ठाण्यापर्यंत कुंभक. प्राणायामाचं वेगळं शुल्क नाही. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवणं हे प्रगत आसन, ते ज्येष्ठ साधकांनाच साधतं.

काही सभासद व्यायामशाळा मध्येच सोडतात. त्यांची नोंद लोहमार्ग पोलीस ठेवतात.

तरी प्रशासनास नम्र विनंती: पंधरा डब्यांच्या गाड्या वाढवून जनतेची साखर वाढवू नये.