चावी पिठाच्या डब्यात

"काय हो ताई, काल दुपारभर ठोकाठोकी चालली होती तुमच्याकडं?"

"पिकअपचे मागचे ब्रेक खोलले होते वहिनी. टोमॅटो भरून माळशेज उतरताना जळका वास यायचा. आमचे हे म्हणे, क्लचचा असेल. अन् ब्रेक दाबला की गाडी उजवीकडं ओढायची, तो काय क्लच?"

"मग काय निघालं?"

"आधी ड्रमच निघेना. पोरानं घण उचलला. म्हटलं, थांब रे, हँडब्रेक सोड, मागच्या भोकातून ॲडजस्टर सैल कर. आमच्या ड्रमला दोन आट्यांची भोकं आहेत, त्यात बोल्ट पिळले तसा आला बाहेर. डावीकडं आत नुसता तेलाचा चिखल! लायनर चांगले जाड, पण ॲक्सलचं ऑइल सील गेलेलं. गॅरेजवाला म्हणतो, पेट्रोलनं धुवा, पॉलिश पेपर मारा, चालतंय. कसलं चालतंय? ड्रम तापला की लायनरात मुरलेलं तेल परत वर येणार. सील बदललं, अन् लायनर दोन्ही चाकांचे नवे टाकले. एकीकडचेच टाकले तर गाडी ओढायची थांबेल का?"

"दोन्ही चाकं एकदम उघडलीत?"

"छे! कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात ते बघायला एक बाजू तशीच ठेवायची. खालच्या आळीच्या दाजींनी दोन्हीकडच्या स्प्रिंगा एकाच घमेल्यात टाकल्या होत्या. कित्येक दिवस गाडी ठोकळ्यावर! वर ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरनं उडवली. जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असायचं, छातीत गेलं म्हणजे? ओल्या फडक्यानं पुसायची ती."

"अगं बाई! त्यांच्या सुनेचं धुणं तिथंच वाळत असतं. म्हणून का ती माहेरी गेली?"

"ते कारण वेगळं, सावकाश सांगते. तर व्हील सिलिंडरचं रबर उचललं, तेही ओलं. मग सिलिंडर बदला, ब्रेक ऑइल भरा, हवा काढा. पेडलवर मी बसले. पोरगं खालून ओरडतंय, 'दाबून धर आई, सोडू नको!' त्यानं निपल आवळायच्या आधी पाय उचलला की हवा परत आत."

"आता निर्धास्त झालात म्हणा."

"कशाची? नवे लायनर ड्रमला बसेपर्यंत गाडी रिकामी फिरवा म्हटलं, तर यांनी आज रात्रीचंच कल्याणचं भाडं घेतलंय. भरल्या गाडीनं घाट!"

"मग जाणार?"

"कसे जातील? चावी पिठाच्या डब्यात आहे, अन् दळण संपल्याचं मी सकाळीच सांगून ठेवलंय."