तीन रकान्यांचा उन्हाळा

आमच्या सोसायटीतल्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने सुट्टीतल्या वाचनाची यादी जाहीर केली आहे. जाहीर म्हणजे रीतसर, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर, तीन रकान्यांत. तत्त्वज्ञान निळं, ईश्वरविद्या भगवी, साहित्य हिरवं. सेमिस्टर आत्ता कुठे संपली, निकाल लागायचाय, तोवर पठ्ठ्याने स्वतःच स्वतःला तीन पेपर लावून घेतले. नशीब, यात एटीकेटी लागत नाही.

निळ्या रकान्यात सलामीलाच कांट. ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’, साल १७८१, पहिल्या आवृत्तीची पानं आठशेच्या वर. वाचून भल्याभल्यांना घाम फुटला, तेव्हा दोनच वर्षांनी कांटने स्वतः ‘प्रोलेगोमेना’ नावाचं छोटं पुस्तक काढून तोच विषय आटोपशीर मांडला. ते मात्र यादीत नाही. बरोबर आहे, पातळ पुस्तक फोटोत उठून दिसत नाही.

भगव्यात थॉमस अक्वायनसचा ‘सुम्मा’. डिसेंबर १२७३मध्ये अक्वायनसने त्याचं लेखन थांबवलं, पुढच्या मार्चमध्ये तो वारला, ग्रंथ अपुराच राहिला. लेखकाने जे पुरं केलं नाही ते आमचा वाचक पंधरा जूनच्या आत पुरं करणार. मध्ये दोन लग्नं आणि एक मुंज आहे, ती वेगळी.

इथवर ठीक. हौसेला मोल नसतं, आणि लोळत रील्स बघण्यापेक्षा कांट उशाला घेऊन झोपलेला बरा. गंमत सुरू झाली ती संत ऑगस्टिनपाशी. त्याच्या ‘कन्फेशन्स’ची तेरा पुस्तकं. त्यात तो आपली गोष्ट सांगतो, देवाशी बोलतो, आणि अकराव्या पुस्तकात काळ म्हणजे काय यावर असा घसरतो की आजही तत्त्वज्ञानाच्या वर्गात त्यावर तास होतात. दुसऱ्या पुस्तकात पोरवयात मित्रांबरोबर केलेली नासपतींची चोरी आहे. भूक नव्हती, फळंही काही खास नव्हती. मग चोरली कशाला, हे खणत तो पानंच्या पानं लिहितो. सुट्टीत शेजारच्या कैऱ्या पाडलेल्या कुणालाही हे कळायला प्रस्तावना लागू नये. पण रंग कोणता? मुलाने दोन दिवस विचार करून त्याला भगव्यात टाकलं. डोस्टोव्हस्कीचे ‘करमाझॉव्ह बंधू’ हिरव्यात गेले, जणू तिथे देव असण्या-नसण्यावर कुणी चकार शब्द काढलेला नाही.

मी म्हटलं, “अरे, ज्ञानेश्वरी कुठे दिसत नाही?”

“काका, ती कुठल्या रकान्यात टाकू?”

प्रश्न चोख होता. शके १२१२मध्ये नेवाशात ज्याने हे काम हातावेगळं केलं, त्याला हा प्रश्न पडला नव्हता. गीतेवर नऊ हजारांवर ओव्या. त्यात आत्म्याचं स्वरूपही आहे, भक्तीही आहे, आणि उपमा तर अशा की हिरव्या रकान्याने लाजावं. तुकोबांचंही तेच. त्यामुळे ही सगळी मंडळी यादीबाहेर, ‘नंतर बघू’मध्ये. मराठी पोराच्या यादीत मराठीच बसेना, कारण यादीचे कप्पे विद्यापीठातल्या विभागांच्या पाट्या बघून पाडलेत.

फादर थॉमस स्टीफन्सचं नाव मी मुद्दामच काढलं. हा इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि बायबलची कथा त्याने मराठी ओव्यांत रचली. ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये छापलं गेलं. ओव्या अकरा हजारांच्या आसपास. ईश्वरविद्या, काव्य आणि लोकांना पडणाऱ्या शंकांची उत्तरं, सगळं एकाच पोथीत. मुलाने लगेच फोनवर शोधलं, “भारी आहे” म्हणाला, आणि पुस्तक ‘विशलिस्ट’मध्ये टाकलं. विशलिस्टला रंग नसतो.

परवा कळलं, पुढच्या सेमिस्टरला ग्रीक तत्त्वज्ञानाचा पेपर आहे. प्लेटोचे एकदोन संवाद मुळातून वाचायचे तर सुट्टी अगदी पुरेशी होती. पण त्या पेपरसाठी त्याने आत्ताच अप्पा बळवंत चौकातून अपेक्षित प्रश्नसंच आणून ठेवलाय. कव्हर घालून, महत्त्वाच्या उत्तरांखाली रेघा मारून.