वाढत्या अंगाचा गणवेश

शाळेचा गणवेश शिवायला टाकताना आया शिंप्याला एकच सूचना देतात : "वाढत्या अंगाचा शिवा हो." त्यामुळे जूनमध्ये पोरगं गणवेशात हरवतं आणि मार्चमध्ये गणवेश पोराला आखूड होतो. अंगाला नेमका बसतो तो दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे कपाटात असताना.

सगळी मुलं सारखी दिसावीत म्हणून गणवेश. पण कापड एकाच ताग्यातलं असलं तरी पोरं ते सारखं राहू देत नाहीत. कुणाची चड्डी थोरल्या भावाची उतरलेली, कुणाच्या खिशाखाली शाईचा भलामोठा डाग, कुणाचं वरचं बटण आईने घरातल्या डब्यातलं सापडेल ते लावलेलं. खाकी चड्डीची दुमड उसवून उंची वाढवली की खाली न विटलेल्या रंगाची पट्टी उघडी पडायची. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तसं त्या पट्टीवरून पोर वर्षभरात किती वाढलं ते कळायचं. मुलींना दोन वेण्या आणि लाल रिबिनी सक्तीच्या. मात्र रिबिनीचं फूल केवढं असावं हे नियमात लिहायचं राहून गेलेलं. तेवढ्या फटीतून काही मुलींनी अख्खा बगीचा फुलवला.

इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या एका शाळेत तर २०१७च्या उन्हाळ्यात मुलगे स्कर्ट घालून आले. उकडत होतं, हाफ पँटला परवानगी नव्हती आणि स्कर्ट मात्र नियमात बसत होता. वाचून गंमत वाटली, कारण आपल्याकडचे मुलगे फुल पँटसाठी आठवीची वाट बघत दिवस काढायचे.

आपल्या शासनानेही सारखेपणाचा मोठा घाट घालून पाहिला. २०२४-२५ या वर्षी 'एक राज्य, एक गणवेश' आला : सरकारी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना आकाशी शर्ट, गडद निळी पँट, शिवाय स्काऊट-गाईडचा वेगळा जोड. शिलाई महिला बचत गटांकडे. पाऊस सरत आला तरी कितीतरी शाळांत गणवेश पोचले नव्हते. जिथे पोचले तिथे कुणाला ढगळ, तर कुणाला चढेचनात. शिवणाऱ्या बायकांना बोल लावण्यात अर्थ नाही. चौथीच्या एकाच वर्गात एक पोरगं बाकावर पाय लोंबकळत बसतं आणि शेजारच्याला मिसरूड फुटायचं तेवढं बाकी असतं. त्याला कागदावरचं माप काय करणार? डिसेंबर २०२४मध्ये निर्णय फिरला आणि गणवेशाचा कारभार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे, म्हणजे गावातल्या टेपेपाशी आला.

बाकी रंगीत कपड्यांची मुभा मिळते ती फक्त वाढदिवसाला. पण तेव्हाही सुटका होते का? नव्या झगझगीत शर्टातलं पोर प्रार्थनेच्या रांगेत उगाच उंच मित्राच्या मागे दडतं. पी.टी.चे सर लांबूनच ओरडतात, "काय रे, गणवेश कुठाय?" पोर तोंडाने काही बोलत नाही, गोळ्यांची पिशवी पुढे करतं. सर रांगेकडे एक कडक नजर टाकतात, पिशवीत हात घालतात आणि दोन उचलतात. "एक मॅडमना," म्हणतात.