राजधानीत इंटर्न म्हणून टिकून राहण्याची शास्त्रोक्त पद्धत

सर्वप्रथम अभिनंदन. दिल्लीत खासदारांच्या कार्यालयात तुम्हाला इंटर्नशिप मिळाली, ही बातमी गावच्या पारावर पोचेपर्यंत ‘खासदारांचा पीए झाला’ अशी होते. 1962 साली यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं महाराष्ट्र अभिमानाने म्हणाला. तेच वाक्य तुमचा मावसभाऊ तुमच्या गॉगलवाल्या फोटोखाली फ्लेक्सवर छापून घेईल. त्याला अडवू नका. तुमच्या कारकिर्दीचं हे सर्वोच्च शिखर आहे. इथून पुढे उतार लागतो.

नेमणुकीच्या पत्रात विद्यावेतनाच्या जागी ‘शिकण्याची मोठी संधी’ असं लिहिलेलं असेल, तर तो परिच्छेद वडिलांसमोर मोठ्याने वाचू नये. लक्ष्मीनगरचा पीजीवाला संधी स्वीकारत नाही. त्याला भाडं आगाऊ लागतं आणि वर डिपॉझिट. देशाची धोरणं जवळून पाहण्याचा मान ज्याच्या घरून दरमहा पैसे येतात त्यालाच परवडतो, हा लोकशाहीचा पहिला धडा मात्र इथे विनामूल्य मिळतो.

खोली निवडताना खिडकी आहे का ते पाहावं. असल्यास ती उघडून, समोरच्या इमारतीतल्या माणसाच्या ताटात काय वाढलंय ते वाकून न बघता दिसतं का, तेही पाहावं. दिसत असेल तर खोली हवेशीर समजावी. विजेची बाब नीट समजून घ्या. दिल्लीत 2019 पासून महिन्याला 200 युनिटपर्यंत घरगुती वीज फुकट आहे, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. घरमालकानेही वाचलं आहे. सवलत त्याच्या मीटरला आहे, तुमच्या सबमीटरला नाही. तिथला दर तो ठरवतो आणि दर महिन्याच्या एक तारखेला दारावर टकटक करून कळवतो. यावर संसदेत प्रश्न विचारण्याचा विचार मनात येईल. तो खोली सोडेपर्यंत मनातच ठेवावा.

आता ओळख. “कहाँ से हो?” या प्रश्नाला तुम्ही सोलापूर म्हणा, जळगाव म्हणा, समोरचा म्हणतो, “अच्छा, बॉम्बे!” वाद घालू नये. चंद्रपूरहून मुंबई गाठायला रात्रभर गाडीत बसावं लागतं, हे ऐकून घेण्याइतका वेळ राजधानीत कुणाकडे नाही. अपवाद फक्त नांदेडकरांचा. घरमालक सरदारजी असतील तर नांदेड म्हणू नका, ‘हजूर साहिब’ म्हणा आणि सचखंड एक्स्प्रेसने आलो असं जोडा. आवाज मऊ होतो, चहा येतो; डिपॉझिटबद्दल हमी देता येणार नाही. मराठवाड्याचा अनुशेष दिल्लीत भरून निघाल्याचं हे एकमेव ज्ञात उदाहरण आहे.

पण खरा प्रश्न दुसराच: “किसके साथ हो?” रायसीनाच्या आसपास तुम्ही काय करता याला फारसं महत्त्व नाही, कुणाचे आहात याला आहे. शास्त्री भवनाच्या स्वागतकक्षात तुमची पदवी, तुमचे गुण, वक्तृत्व स्पर्धेतली ढाल यांपैकी काहीही चालत नाही. आत कुणाला भेटायचंय आणि त्याने खाली निरोप दिलाय का, एवढंच विचारतात. म्हणून उत्तर देताना स्वतःचं नाव शेवटी घ्यावं, किंवा घेऊच नये. “साहेबांच्या ऑफिसातून आलोय.” कुठले साहेब, हे समोरच्याने विचारलंच तर खासदारांचं नाव सांगावं आणि लगेच मोबाइलकडे पाहावं. ज्याला सतत फोन येतो तो महत्त्वाचा, असा इथला समज आहे. तो फोन पीजीच्या मावशींचा आहे आणि त्या राजमा संपल्याचं सांगताहेत, हे समोरच्याला कळायचं कारण नाही.

कामाचं स्वरूप. तुम्ही राज्यघटना, अर्थसंकल्प आणि दोन समित्यांचे अहवाल वाचून आलेले असता. पहिल्या दिवशी हातात वेटिंगच्या तिकिटांचा गठ्ठा येतो. मतदारसंघातल्या कुणाची तरी सून भुसावळला अडकलेली असते आणि तिच्यासाठी रेल्वेच्या कोट्याचं पत्र टाइप करायचं असतं. दुपारी एम्सची पत्रं. ही कामं क्षुल्लक समजू नका. कार्यालयात खऱ्या गरजेने येणारी माणसं याच पत्रांसाठी येतात. त्यानंतर केंद्रीय विद्यालयाच्या प्रवेशासाठी आलेले काका. खासदारांचा तो कोटा सरकारने 2022 मध्ये बंद केला, हे त्यांना सांगण्याची जबाबदारी कार्यालयातल्या सर्वांत कनिष्ठ माणसावर असते. काका ऐकून घेतात, पाणी पितात आणि “बरं, मग साहेब कधी भेटतील?” असं विचारतात.

प्रश्न लिहिण्याचं काम मात्र अस्सल आहे, आणि त्यासाठी हा सारा त्रास सोसावा असं माझं मत आहे. लोकसभेत एका सदस्याला एका दिवसासाठी पाचच प्रश्न देता येतात, त्यात तोंडी उत्तराचा फार तर एक. सूचना किमान 15 पूर्ण दिवस आधी द्यायची. मग सोडत. रोजच्या यादीत तारांकित 20, अतारांकित 230. तुम्ही रात्र जागवून निर्यातशुल्क, साठवणूक आणि लासलगावचे भाव यांची आकडेवारी जुळवत कांद्यावर चार उपप्रश्नांचा प्रश्न रचता. सोडतीत नंबर लागला तर उत्तर येतं. कधी ते आकड्यांनी भरलेलं असतं. कधी ‘माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ एवढंच असतं. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पेपरात मथळा येतो की खासदारांनी कांद्यावरून सरकारला घेरलं. त्या बातमीत तुमचं नाव नसतं. कात्रण आईला पाठवावं. ती शेजारच्यांना बरोबर सांगते.

पोटाची व्यवस्था. पीजीतला राजमा पहिल्या आठवड्यात आवडतो. त्यानंतर इंडिया इंटरनॅशनल सेंटर, हॅबिटॅट सेंटर आणि कॉन्स्टिट्यूशन क्लब इथल्या चर्चासत्रांचा आधार घ्यावा. विषय बघू नये, चहा व्याख्यानाआधी आहे की नंतर, तेवढं बघावं. आधी असेल तर वेळेवर जावं, नंतर असेल तर शेवटची वीस मिनिटं पुरेत. हिंद-प्रशांत क्षेत्रातलं सत्तासंतुलन ऐकताना मान हलवत राहावं आणि पनीर पकोड्याच्या ताटाशी जाताना एखाद्या निवृत्त राजदूताच्या मागे राहावं. त्यांना रस्ता माहीत असतो. रविवारी अशोका रोडवर आंध्र भवनाच्या कॅन्टीनला गर्दी सोसायची तयारी असेल तरच जा. पोह्यांची आठवण अनावर झाली तर महाराष्ट्र सदन आहे. पण सदनं दोन आहेत: जुनं कोपर्निकस मार्गावर, नवं कस्तुरबा गांधी मार्गावर. ‘सदनात भेटू’ म्हणणारा माणूस कुठलं ते सांगत नाही. आपण एकाकडे जावं, तो दुसऱ्याकडे असतो. मधल्या रस्त्यावरचं प्रत्येक गोल चक्कर आधीच्यासारखंच दिसतं; ल्युटेन्स यांनी हे शहर आखताना इंटर्नांचा विचार केलेला दिसत नाही.

एखाद्या संध्याकाळी फारच एकटं वाटलं तर तालकटोऱ्याकडे फिरायला जा. 1737 मध्ये पहिला बाजीराव फौज घेऊन तिथवर आला होता आणि 2025 मध्ये साहित्य संमेलन. दोघेही काही दिवसांत परतले. तुम्ही तर दोन महिने काढणार आहात.

मेट्रोत राजीव चौकाला गाडी बदलताना पाय उचलण्याची गरज नसते, गर्दी नेते. हवेविषयी एवढंच: हिवाळ्यात निर्देशांक 400 च्या वर गेला की सरकारी भाषेत तो ‘गंभीर’ होतो, घरी फोनवर ‘धुकं आहे’ म्हणावं.

शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं. प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी मागू नका. त्या दिवशी साहेब मतदारसंघात असतात, पीए रजेवर असतो आणि शिक्का त्याच्या कपाटात. दोन आठवडे आधी मजकूर स्वतः टाइप करा, आपल्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तीनदा तपासा आणि साहेब रेल्वेच्या पत्रांवर सह्या करत असतील तेव्हा तो कागद त्याच गठ्ठ्यात मधोमध ठेवा. सही होते.